हौदातली पवनचक्की आणि हसनाबादचे पाहुणे

परवा रविवारी आमच्या केदारखेड्याच्या घरी हसनाबादचे पाहुणे आले होते... माझी नात स्नेहल हिला पाहायला. पोहे झाले, चहा झाला आणि मुलाच्या वडिलांनी विचारलंच, "पोरगी नेमकं काम काय करते?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. स्नेहल इंजिनिअर, समुद्रात तरंगणाऱ्या पवनचक्क्यांचं काम करते. जूनमध्ये त्यासाठीच वर्षभर परदेशी जायचंय. आधीचं एक स्थळ एवढं ऐकूनच चपला घालून निघालं होतं... आणि हा मुलगा, अमोल, फोनवरच्या बोलण्यातूनच तिला मनापासून आवडलेला.

"तरंगती पवनचक्की?" मुलाचे वडील हसले. "अहो, आमच्या शेतातला इजेचा खांब वाऱ्यानं आडवा झाला. ही पाण्यावर उभी राहील व्हय?"

"काका, दाखवू का?" म्हणत स्नेहल पदर खोचून थेट गोठ्याजवळच्या हौदाकडे. तेलाचे तीन रिकामे कॅन तिने काठ्यांनी त्रिकोणात बांधले, त्यांत थोडं थोडं पाणी भरलं, मधोमध पाइप उभा करून वर कागदाचं भिरभिरं लावलं. आता तळाशी विटा ठेवून दोऱ्या बांधायच्या होत्या... तर अमोल इस्त्रीची पँट दुमडून हौदात उतरलासुद्धा!

मुलाचे वडीलही हट्टाचे. बाह्या सारून दोन्ही हातांनी लाटा उठवायला लागले. चक्की डुलायची, कलायची, पुन्हा सरळ व्हायची... भिरभिरं आपलं गरगर चालूच.

मला शाळा आठवली. समुद्राची कविता आम्ही चालीवर म्हणायचो, बाकांवर डुलत डुलत. समुद्र ना आम्ही पाहिलेला, ना गुरुजींनी... खिडकीबाहेर ज्वारी हलली की त्याच आमच्या लाटा. नकळत मी ती चाल गुणगुणायला लागलो.

"अहो, पुरे आता!" मुलाच्या आई ओरडल्या. "पोरगी पाह्यला आलात का हौद उपसायला? आम्ही समदे भिजून राह्यलो इथं!"

मग त्या स्नेहलकडे वळल्या. "लग्न झाल्यावर बी जाशील का गं?"

तिने एकदा अमोलकडे पाहिलं... "जाईन, काकू."

"आन् तू रं? वर्षभर काय करशील?"

गुडघाभर पाण्यात, हातात दोरी धरून उभा असलेला अमोल म्हणाला, "फोन करीन... रोज."

काकूंनी क्षणभर दोघांना न्याहाळलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मंग वैशाखातच उरकून टाका. जल्दी करा जरा, पोरीला कामावर जायला उशीर नको व्हायला."

निघताना पाहुण्यांचा सदरा ओलाच होता, पण चेहरा काय खुलला होता! इतक्या मोकळ्या मनाची माणसं आमच्या इतक्या जवळ राहत होती आणि आम्ही स्थळं शोधत कुठे कुठे हिंडत होतो... आज आमचं अख्खं घर हसनाबादचं ऋणी आहे.