देवीच्या रानात सोडलेली बटेर

त्या दिवशी मी देवीला दिलेला शब्द पाळला की स्वतःच्या भीतीपुढे मान तुकवली, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. लोक देवाचे अनुभव सांगतात, ऐकताना डोळे भरून येतात. माझा अनुभव सांगताना मात्र माझी मान खाली जाते. तरी सांगते, कारण त्यात कृपा होती आणि ती मला वेळेवर ओळखता आली नाही.

आम्ही लोणावळ्याजवळ औंढ्याला राहतो. ह्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणं जवळजवळ गेलंच. बांधावर उभं राहून पार पलीकडच्या शेतातल्या गड्याला हाक मारणारा माणूस 'हं' आणि 'न्हाई' एवढ्यावर आला. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं ठेवा. पण माझ्याशी ते काय बोलणार? मी आपली गोळ्या, पेज आणि अंथरूण ह्यातच बुडालेली. त्या सुमारास वराळ्याच्या माझ्या पुतण्याने त्याचं बटेरीचं, म्हणजे अंड्यांसाठी पाळतात त्या लाव्ह्यासारख्या छोट्या पाखरांचं, शेड बंद केलं. आजूबाजूला इमारती झाल्या होत्या आणि वासावरून रोज कटकट. शेवटी उरलेली एक ठिपक्याठिपक्यांची बटेर, पायाने जरा अधू, तो आमच्याकडे ठेवून गेला. "काकी, काकांना तेवढीच करमणूक," म्हणाला. मी नाक मुरडलं. घरात एक आजारी कमी होता की काय! पण ती बया ह्यांच्या गोधडीवर जाऊन बसायला लागली आणि ह्यांच्या तोंडून शब्द फुटला, "ये... ये बाय." कधी ती तिथेच अंडं घालून मोकळी व्हायची. मग हे ते डाव्या मुठीत धरून मला दाखवायचे आणि हसायचे. मला तिचा थोडा हेवाही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मांजराच्या भीतीने मी तिच्या टोपलीवर पितळी परात झाकत असे. बटेर दचकली की सरळ वर उसळते, हे मला कुठे ठाऊक! एका सकाळी कुकरची शिट्टी झाली आणि परातीवर ठण्णकन आवाज आला. उघडून बघते तर डोक्याची कातडी सोललेली, मान वाकडी, डोळे मिटलेले. हे खाटेवरून बघत होते आणि त्यांच्या तोंडून 'हं'सुद्धा येत नव्हतं. ही गेली तर हे कायमचे मुके होतील, ह्या विचाराने मी गॅस बंद करून खोका शोधला.

खोक्यात घालून तिला लोणावळ्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर ते बाहेरगावी गेलेले. मी दवाखान्याच्या पायरीवर खोका मांडीवर घेऊन रडत बसले. तेवढ्यात एक अनोळखी बाई शेजारी टेकली. खोक्यात डोकावून म्हणाली, "मावशी, आमच्या माहेरी व्हत्या अशा. अंधारात ठिवा, उबंला. आवाज नको. साखरंचं कोमट पाणी चोचीच्या कडंला नुसतं लावा, आत वतू नका, ठसका लागंल. आन वर झाकायला मऊ कापड घ्या." बोलता बोलता तिने स्वतःच्या डोक्याचा रुमाल सोडून खोक्यावर बांधला आणि निघूनही गेली. नाव विचारायचं मला सुचलं नाही. पुढे ती कधी दिसली नाही.

तिने सांगितलं तसं सगळं केलं. पण दुसऱ्या दिवशीही मान सरळ होईना, तेव्हा माझा धीर सुटला. माझं माहेर बेडशाचं. तिथे डोंगराखाली आमच्या देवीचं रान आहे, त्यातली वाळकी काटकीसुद्धा कोणी उचलत नाही. नवसाची कोंबडी त्या रानात सोडायची आमच्यात रीत आहे. सोडलेल्या कोंबडीला कोणी हात लावत नाही. ती झाडावर झोपते, उकरून खाते, मजेत जगते. मी देव्हाऱ्यापुढे पदर पसरला आणि बोलून गेले, "आई, हिला वाचव, मी हिला तुझ्या रानात सोडीन." त्याच संध्याकाळी बटेरीने मान उचलून दाणा टिपला.

हळूहळू ती पूर्ण बरी झाली. हे तर नुसते खुलले. "बाय बरी," असं दोन शब्द जोडून म्हणाले. मी हसायचे आणि आतून जळायचे. नवस फेडला नाही तर देवी कोपेल आणि तो कोप ह्यांच्यावरच येईल, असं माझ्या मनाने घेतलं. कोणाला विचारलं नाही, ह्यांना तर नाहीच. एका दुपारी ह्यांचा डोळा लागलेला बघून मी तिला पिशवीत घातलं आणि बेडशाला गेले.

रानात तिला खाली ठेवलं. ती उडाली नाही, लपली नाही. मी निघाले तशी लंगडत माझ्या मागे आली. मी पाठ फिरवून भराभर चालत सुटले आणि मागे वळून पाहिलं नाही. घरी आल्यावर ह्यांनी विचारलं, "बाय?" मी म्हणाले, उडून गेली. हे दाराकडे बघत राहिले, जेवले नाहीत, बोललेही नाहीत.

दुसऱ्या दिवशी राहवेना म्हणून परत गेले. झाडाखाली तिची पिसं तेवढी पडली होती. शेडमध्ये वाढलेलं पाखरू ते, त्याला रान काय माहीत! मी तिला कोंबडीसारखीच समजून बसले होते. तिथेच मातीत बसून मी ओक्साबोक्शी रडले.

घरी येऊन ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं. अडखळत, पण एकेक शब्द स्पष्ट, ते म्हणाले, "देवीनं... मागितली व्हती का... तुज्याकडं?"

आजारपणानंतरचं त्यांचं हे पहिलं पूर्ण वाक्य. ते माझ्या काळजाला लागलं, आणि त्याच क्षणी माझे हात आपोआप जोडले गेले. मग मला पायरीवरची ती बाई आठवली. ती आली तेव्हा मी अजून काहीच मागितलं नव्हतं, काही कबूलही केलं नव्हतं. देवीने आपण होऊन माणूस धाडलं होतं, आणि मी मात्र नंतर तिच्याशी सौदा करायला बसले.

आता हे हळूहळू बोलतात. औषधाने की कशाने, मी खोलात जात नाही. देव्हाऱ्यापुढे बसते तेव्हा अमुक झालं तर तमुक देईन, असं मी म्हणत नाही. हे तुझे, मीही तुझी, एवढंच म्हणते आणि ह्यांच्या रोजच्या चार शब्दांसाठी तिच्या पाया पडते. मग त्या मुक्या जिवाची आठवण येते आणि पुढे मला काही बोलवत नाही. आई, तू दिलेलं मला नुसतं घेता आलं नाही गं.