रॅमचं पहिलं बाळंतपण

मला माझ्या मित्राचा हेवा वाटायचा, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं मी माशांवर ढकलतोय असं वाटेल. बी.एड.ला आम्ही एका खोलीत राहिलो. मी घोकून घोकून कसाबसा पास व्हायचो. हा पुस्तक उशाला घेऊन झोपायचा आणि माझ्या पुढे जायचा. पुढे मी जळगावच्या शाळेत लागलो, तो धुळ्याच्या. मासे पाळायचं वेड मात्र माझं. त्याला ते मीच लावलं, आणि तिथेच चुकलो.

नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही मुंबईहून रॅमची एकेक जोडी आणली. सिक्लिड नावाच्या माशांच्या कुळातली ही बुटकी जात, दोन पेरांएवढी, अंगावर निळे ठिपके. आईबाप दोघं मिळून पिल्लं सांभाळतात. मला तेच एकदा बघायचं होतं, माझ्या टाकीत, माझ्या माशांची पिल्लं. पण महिन्याभरात माझी मादी मेली आणि त्याचा नर.

त्याचं पोस्टकार्ड आलं, ‘मुलगी उजवायची आहे. स्थळ असल्यास कळवा.’ मी उलट टपाली लिहिलं की मुलगी सासरी येते, तेव्हा तूच घेऊन ये. तो कडीच्या डब्यात मादी घेऊन एसटीने आला. माझ्या बायकोने दारातच डब्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना व्याही म्हणायला लागलो.

मादीने सपाट दगडावर अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी ती खाऊन टाकली. पुन्हा घातली, पुन्हा खाल्ली. मी शाळेतून आलो की चपला न काढता टाकीपुढे बसायचो, काचेला नाक लावून. बायको म्हणायची, “अहो, त्यांना जरा मोकळं सोडा.” मी कुठला ऐकतोय!

मग व्याह्यांचं कार्ड आलं, ‘पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मुलीला धाडा.’ आता माशांची अंडी फळतात बाहेर, दगडावर. म्हणजे नरालाही पाठवणं आलं. माझा नर घरजावई! पण दोनदा अंडी गेली होती, मी टेकीला आलो होतो. दोघांना धुळ्याला पोचवून आलो.

तीन आठवड्यांनी कळलं, नातवंडं झाली, बारशाला या. खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात दुखायला लागलं.

त्याची टाकी मागच्या खोलीत, धान्याच्या कोठ्यांच्या आड होती, तिन्ही बाजूंनी गोणपाट टाकलेलं. ते बाजूला केलं तर जिऱ्याहून बारीक पिल्लांचा पुंजका, आणि त्याच्याभोवती माझा नर फिरतोय. एखादं भरकटलं की तोंडात धरून परत आणून सोडतोय. माझ्याकडे अंडी गिळणारा तो हाच.

“काय केलंस तू?” मी विचारलं.

“काही नाही रे.”

त्याची बायको हसून आपल्या अहिराणीत म्हणाली, “भाऊ, त्यासनाकडे देखाले येळ कोनले शे?”

त्यांच्याकडे बघायला इथे कुणाला वेळच नव्हता, म्हणून पिल्लं झाली. माझं बघणंच नडलं होतं. ते उभ्या उभ्या कळलं, आणि राग मात्र त्याचाच आला.

पुरणपोळी जेवलो आणि हात धुतल्या धुतल्या म्हणालो, “बाळंतीण आणि लेकरं घेऊन जातो.”

“अरे, सव्वा महिना तरी होऊ दे.”

“माझ्या घरची आहेत ती.”

त्याने डबा भरून दिला आणि वर एक काचेची बरणी पुढे केली. “पिल्लं वेगळी ने. गाडीत हादरे बसतात. भेदरले की आईबापच खातात.”

मला ते ठाऊक होतं. मीच त्याला शिकवलं होतं. आता याने मला शिकवायचं? मी बरणी बाजूला सारली. “लेकरांना आईपासून तोडत नाही मी,” असं वर ऐकवून निघालो. तो स्टँडपर्यंत सोडायला आला, ती बरणी हातात तशीच धरून.

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा झाकण उघडलं. नर एका कडेला, मादी दुसऱ्या. मध्ये नुसतं पाणी. डबा उजेडात धरला, तिरका करून पाहिला. एकही पिल्लू नव्हतं.

पिल्लांना प्रवास सोसला नाही, असं मी त्याला कळवलं. त्याने कधी बरणीचं नाव काढलं नाही, आणि त्याच्या या चांगुलपणावरही मी जळलो. पण एक गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. पारोळ्याला त्या पाण्यात बघताना वाईट वाटायच्या आधी माझ्या मनात आलं, चला, आता त्याच्याकडेही नाहीत. मग झाकण लावून मी चहा प्यायला उतरलो, आणि तो चहा मला गोड लागला.