गुंडाळलेली गादी

दसऱ्याच्या आदल्या दिवशी माझ्या रूममेटनं घरी फोन लावला आणि म्हणाली, "बाबानू, माका न्हेवक येवा." ती मालवणकडची. तिची भाषा मला एरवी निम्मीच कळायची, पण हे वाक्य नेमकं कळलं. वडील रविवारी सकाळी येणार होते, सामानासकट तिला घेऊन जायला. एम.ए.चं पहिलं वर्ष अजून नीट सुरूही झालं नव्हतं.

कारण विचारलं तर तिला धड सांगता येईना. तिकडच्या कॉलेजात ती कायम पहिली यायची. इथं पहिल्याच चाचणीत मधेच कुठंतरी आली आणि तेव्हापासून तिनं झोप सोडली. डोळे लाल, हातात पुस्तक, मेसमध्ये ताटाशेजारीही पुस्तक. जरा आडवी हो म्हटलं तर म्हणायची, "नुसतं पडून राहिलं की काहीतरी चोरल्यासारखं वाटतं गं." मला तिचा राग यायचा. खरं तर कीव यायची, पण आमच्या घराण्यात कीवसुद्धा रागाचेच कपडे घालून येते. त्याला इलाज नाही.

आमचं विद्यापीठाचं केंद्र धाराशिवच्या बाहेर, माळावर. मी तुळजापूरची. घर इतकं जवळ असून होस्टेलवर राहायचं कारण म्हणजे आमचं घर पुजाऱ्याचं. नवरात्रात तर माझ्या अभ्यासाच्या टेबलावरही दर्शनाला येऊन आमच्याकडं उतरलेल्या कुणातरी यजमानाची पिशवी असते आणि टेबलाखाली त्यांचं पोर झोपलेलं असतं. तर मी मनाशी ठरवलं, सुट्टी आहे तोवर हिला असं फिरवायचं की जायचं नाव काढणार नाही. ती गेली असती तर त्या खोलीत मला करमलं नसतं, हेही होतंच.

पहिल्यांदा नळदुर्गला नेलं. यंदा बोरी नदी भरून वाहत होती, त्यामुळं किल्ल्यातले दोन्ही धबधबे चालू होते. नळदुर्ग मी स्वतः शाळेच्या सहलीत पाहिला तो शेवटचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण मी आव असा आणला की जणू किल्ला आमच्याच मालकीचा. "हा नर आणि ही मादी," मी दोन धारांकडं हात करून म्हटलं. "आता खाली पाणीमहालात जायचं. पाण्याच्या आत उभं राहिल्यासारखं वाटतं."

"छान आहे," ती काढा प्याल्यासारखं तोंड करून म्हणाली. "आमच्याकडं पावसाळ्यात घराच्या मागूनच व्हाळ वाहतो."

आणि पाणीमहालात, जिथं लोक धबधब्याला पाठ करून फोटो काढून घेत होते, तिथं एका कोपऱ्यात बसून तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. तुषार उडून पानं भिजली. ती ओढणीनं एकेक पान टिपत बसली. तिला तिथंच बोरीत ढकलून द्यावं असं मला मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातलाईच्या डोंगरावर गेलो. आमच्या केंद्रातली निम्मी पोरं तिथं सापडतात. परीक्षा झाली की हातलाई, परीक्षा बुडाली की हातलाई, प्रेम जमलं तरी आणि फिसकटलं तरी हातलाईच. खाली तळं, पलीकडं शहर, वर भरपूर वारं. आम्ही भेळ घेऊन एका दगडावर बसलो. बराच वेळ ती तळ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, लागली मात्रा.

मग तिनं विचारलं, "इथून समुद्र किती लांब?"

"तळं आहे की समोर," मी म्हटलं. ती हसली नाही. ही खरंच जाणार, अशी भीती मला तेव्हा पहिल्यांदा वाटली.

शनिवारी माझ्याकडची ठिकाणं संपली. रामलिंगला नेलं असतं, पण तिथली माकडं पुस्तक पळवतील म्हणून ती तयार होईना. शेवटी वैतागून म्हटलं, "चल आमच्या घरी. आई सुशीला करणार आहे."

"ती कोण?"

मला इतकं हसू आलं की एस्टीतल्या बायका वळून बघायला लागल्या. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांची, कांदा-मिरची-शेंगदाणे घातलेली आमच्या मराठवाड्याची न्याहारी. तिला वाटलं माझ्या चुलतबहिणीचं काहीतरी कार्य आहे. समजल्यावर तीही हसली. किती दिवसांनी.

घरी यजमान मंडळी परत गेली होती आणि घर नवरात्रानंतर असतं तसं दमून पडलं होतं. तिनं आत पाऊल टाकलं आणि दारातच थबकली. पलंग उघडेबोडके, सगळ्या गाद्या गुंडाळून कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या.

"तुम्ही घर बदलताय का?" तिनं आईला विचारलं.

"न्हाय गं पोरी," आई म्हणाली. "देवी झोपलीय."

तिनं माझ्याकडं बघितलं. आम्हाला ही गोष्ट इतकी पाठ की ती कुणाला सांगावी लागते हेच ध्यानात राहत नाही. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की आमच्या देवीला सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात, ती पौर्णिमेपर्यंत. त्या झोपेला श्रमनिद्रा म्हणतात. देवी पलंगावर असते तेवढे दिवस आमच्या घरात कुणी पलंग-गादी वापरत नाही, चटईवर झोपतात. गावात सगळेच पाळतात असं नाही, आमच्याकडं पाळतात. होस्टेलवर मी पाळत नाही. तिथली गादी इतकी पातळ आहे की ती वापरणं हेच व्रत आहे.

"पण देवी कशी झोपेल?" मैत्रीण म्हणाली. "एवढे लोक येतात तिच्याकडं."

"येऊ दे की. नऊ रात्री भांडलीय ती त्या म्हैसासुराशी. दमत न्हाय का माणूस?" आईनं तिच्या ताटलीत सुशीला वाढली, वर लिंबू पिळलं. "खा. लई वाळलीस."

"मग तेवढे दिवस तिची कामं कोण करतं?"

"कोण करतंय? राहत्यात तशीच. उठल्यावर बघती ती."

मैत्रिणीनं ताटली हातात धरून ठेवली. मग तिनं परत वाढून घेतलं. जाताना आईच्या पाया पडली. आई म्हणाली, "ये परत." ती मान खाली घालून एस्टीत बसली आणि एकटीच होस्टेलला गेली. मी घरीच राहिले. निरोप घेणं मला जमत नाही. मी ऐनवेळी काहीतरी तोडून बोलते आणि मग पुढं वर्षभर तेच आठवत राहतं.

रविवारी दुपारपर्यंत मी घरात उगाच भांडी आपटत फिरले. शेवटी आईच म्हणाली, "मैत्रीण चाललीय अन् तू हितं काय करतीस?"

"गेली असंल आता ती."

"मग मोकळी खोली तरी बघून ये. कुढत बसू नको."

गेले. खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. तिच्या कॉटवरची गादी गुंडाळून नाडीनं बांधलेली, कॉटच्या लोखंडी पट्ट्या उघड्या. गेली. मला रडू आलं आणि त्याच्यासोबत संतापही आला, की साधी चिठ्ठीसुद्धा नाही. मी पिशवी तिच्या कॉटवर भिरकावली.

पलीकडच्या बाजूला खाली काहीतरी हललं. वाकून पाहिलं तर कॉट आणि भिंतीच्या मधल्या जागेत, माझी चटई अंथरून, ओढणी अंगावर घेऊन ती झोपली होती. तोंड किंचित उघडं. पुस्तक कुठंच नव्हतं. उशाशी फोन थरथरत होता आणि त्यावर 'बाबा' लिहिलेलं होतं.

मी फोन उचलून बाहेर आले.

"काका, मी तिची रूममेट बोलते."

"गो, ती बरी आसा मां?" पलीकडून घाईघाईनं आवाज आला. "काल मी एस्टीत बसूच्या आधीच तिचो फोन इलो. म्हणाली, येव नकात. मी दमलंय, आता झोपतंय, उठल्यावर बघतंय. त्याच्यानंतर फोन उचलूक नाय."

"झोपलीय, काका."

"अजून?"

"अजून."

मग ते हळू आवाजात, जणू तिथून मुलगी जागी होईल अशा बेतानं म्हणाले, "मग उठवू नको हां तिका."

मी आत आले. माझ्या कॉटवर माझी गादी ऐसपैस पसरलेली होती. तुळजापूरच्या पुजाऱ्याची मुलगी मी, आणि व्रत मालवणकरीण पाळत होती. मी मुकाट्यानं गादी गुंडाळली, चादर खाली टाकली आणि तिच्या पायांशी उरलेल्या जागेत आडवी झाले. फरशी गार होती.

माझ्या हालचालीनं तिनं डोळे न उघडताच विचारलं, "किती वाजले?"

"झोप," मी म्हटलं. "देवी अजून उठली न्हाय."

तिनं कूस बदलली.