डिजिटल फळ्याला झेंडूचा हार

आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत डिजिटल फळा आला, तेव्हा माझा सगळा जीव तिसरीतल्या एका मुलीत अडकला होता. पोरगी अशी चुणचुणीत की तिला शिकवताना आपणच हुशार आहोत असं वाटायचं. पण पवनारच्या पुढच्या आमच्या गावात रोज सकाळी वर्ध्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी यायची आणि आमच्याच फाटकासमोर पोरं भरून निघून जायची. त्या गाडीचा हॉर्न ऐकला तरी माझं डोकं फिरायचं. आता जूनपासून ही मुलगीही त्यात बसणार होती.

"तिथं टीव्हीवर शिकवतेत मॅडम," तिची आई म्हणाली होती. "तुमच्याइथं काय हाय?"

"आमचा फळा येऊ द्या, मग बोला," मी तावातावानं म्हटलं होतं.

फळा आला. आमच्याकडे नवा ट्रॅक्टर असो की विहिरीवरची मोटर, नारळ फोडून हार घातल्याशिवाय कुणी बटणाला हात लावत नाही. हार आणला त्या मुलीच्याच आईनं. स्वतःच्या वावरातला झेंडू, पहाटे उठून ओवलेला, मनगटाएवढा जाड. वरच्या दोन खिळ्यांना तिनं तो असा बांधला की काचेसमोर छान झोका आला. मी तर भरूनच पावले.

देवीच्या तसबिरीपुढे दिवा लागला, नारळ फुटला. जमलेल्या आईबापांसमोर मी सूर्यमालेचा धडा लावला. पृथ्वीनं जेमतेम अर्धी फेरी मारली आणि ती गायब झाली. मग कॅल्क्युलेटर उघडलं आणि त्यात आपोआप सातावर सात उमटायला लागले. मग परिपाठाच्या फाइलमधलं राष्ट्रगीत लागलं. सगळे ताठ उभे राहिले. दुसऱ्या ओळीला तेही बंद पडलं आणि आता बसावं की उभंच राहावं, हे कुणालाच कळेना.

"याच्या अंगात आलं वाटते," मागून एक आजोबा म्हणाले.

"काऊन मॅडम, हे काय करून राह्यली तुमची मशीन?" मुलीच्या आईनं विचारलं. तिचा चेहरा पाहून बाहेर उभी नसलेली पिवळी गाडी मला दिसायला लागली.

आणि तेवढ्यात आठवलं. फळा बसवणारा माणूस बजावून गेला होता, काचेसमोर काही लटकवू नका, जे आड येईल त्याला हा बोट समजतो. इथे तर पंख्याच्या वाऱ्यावर झेंडूची शेकडो बोटं नाचत होती!

हार काढायचा कसा? आत्ताच पूजा झालेली, दिवा तेवतोय, आणि जिच्या लेकीला काही करून थांबवायचं तिनंच तो घातलेला. तो उतरवला असता तर मायलेकी दोघीही तिथूनच उठून गेल्या असत्या.

मी छडी उचलली. "हा बघा सूर्य," म्हणत ती जरा जास्तच वर नेली. उजवीकडची गाठ सुटली, त्या हिसक्यानं डावीकडचीही, आणि हार सरसर खाली आला.

"उजवं फूल दिलं हो देवीनं, कौल मिळाला!" मीच ओरडले. बायांनी पटापट हात जोडले. फळा शहाण्यासारखा सुरू झाला आणि पृथ्वी सूर्याभोवती निमूट फिरू लागली. वैज्ञानिक दृष्टिकोनाचा धडा मी त्यानंतर लावणार होते, तो तेवढा मुकाट्यानं वगळला.

सगळे पांगल्यावर मुलीची आई हार गोळा करायला थांबली. म्हणाली, "मॅडम, छडी कुठं लागली, मले दिसलं."

मला कुठे तोंड लपवू असं झालं.

"पोरगी इथंच राहीन," ती फुलं ओटीत भरत म्हणाली. "तिच्यासाठी एवढी लबाडी तिकडं कोन करनार हाय?"