दुःखाच्या घरचा डबा

"माह्यं काय, चालते." असं म्हणून काकू उजवा हात माशी हाकलल्यासारखा हलवायच्या. आजही तो हात आठवला की माझं डोकं फिरतं. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत त्यांच्या नवऱ्याची पिठाची चक्की होती. काकूंच्या चष्म्यावर कायम पीठ. अंगात ताप असला तरी चक्कीवर उभ्या, आणि ताजी पोळी दुसऱ्याच्या ताटात. तुमच्याही गल्लीत असेल अशी एखादी. बघा जरा.

मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी डबा न्यायचा, ही आमच्याकडची रीत. आमच्या गल्लीत ती रीत म्हणजे काकू. माणसं घाटावरून परतायच्या आत त्यांचं पिठलं-भाकरी हजर. नुसता डबा ठेवून जायच्या नाहीत. रडणाऱ्या बाईला खेटून बसायच्या आणि म्हणायच्या, "रडाले बी जोर लागते बाई, दोन घास खाऊन घे." माझी आई गेली तेव्हा मलाही त्यांनीच भरवलं. ठेचा इतका जहाल होता, की दिवसभर अडकलेलं रडू एकदाचं बाहेर पडलं.

आणि काका गेले तेव्हा? एकाही घरून डबा आला नाही. प्रत्येकीला वाटलं, डब्याचं तर काकूच बघतात. अरे, डोकी काय गहाण टाकली होती सगळ्यांनी? मी कामावरून संध्याकाळी पोचले, तर ही बाई गॅसपाशी उभी राहून सासरच्या माणसांसाठी पिठलं घोटत होती. मी गॅस बंद केला. म्हटलं, आज तरी बसा हो.

"काऊन चिडून राह्यली? माह्यं काय, चालते."

मला त्यांचाही संताप आला, खोटं कशाला बोलू. अख्ख्या गल्लीच्या दुःखाजवळ बसणारी बाई स्वतःच्या दुःखाला साधा पाटही देत नव्हती. मी घरून वरणभात आणला. तो त्यांनी दिराला वाढला.

पुढं काकूंच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात चला म्हटलं की तेच वाक्य, तोच हात. या उन्हाळ्यात गेल्या.

त्या दिवशी मात्र डबेच डबे, ओट्यावर मावेनात. काका गेले तेव्हा कुठं होते हे, असं मी सगळ्यांदेखत विचारलं. दोघी-तिघी डोळ्याला पदर लावून घरी गेल्या.

आत काकूंची मुलगी, हिंगणघाटहून आलेली, पाहुण्यांना वाढत होती. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. मी म्हटलं, आता तू बस, जेव. तिनं उजवा हात हलवला.

"माह्यं काय ताई, चालते मले."

मी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं, तिला भिंतीशी बसवलं आणि भाकरीचा घास मोडला.

"नाई चालत," मी म्हणाले. "तोंड उघड."