निशिजिनच्या घराचा जिना

गुरुदत्त हुपरीकरांनी बहात्तराव्या वर्षी एक जपानी बाई गाठली आहे, ही बातमी डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयच्या मराठी मंडळींत संक्रांतीच्या पॉटलकला फुटली. फोडली सुलेखाने. ती गुळपोळीच्या रांगेत उभी होती, हुपरीकरकाकांचा फोन टेबलावर उताणा पडला होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत त्यावर मेसेज उमटला : ‘गुरुदत्तसान, खास तुमच्यासाठी मी पुन्हा मोजून पाहिलं. हारुको.’ सुलेखाने तो वाचला नाही, तिला तो दिसला. वाचणं वेगळं आणि दिसणं वेगळं, असं तिचं म्हणणं. गुळपोळी तिच्या ताटात पडायच्या आत बातमी दोन टेबलं ओलांडून गेली होती, आणि भोगीच्या भाजीपाशी पोचली तोवर हारुकोचं वय चाळिशीच्या आत आलं होतं.

खरं काय ते चहाच्या वेळेला कळलं आणि सगळ्यांचीच जरा निराशा झाली. हारुको क्योटोतल्या निशिजिन नावाच्या जुन्या वस्तीत एक लाकडी घर सांभाळते आणि ते प्रवाशांना भाड्याने देते. तिने मोजली होती ती त्या घरातल्या जिन्याची पायरी. काकांनी तिला आधीही एकदा मोजायला लावली होती, पण तेव्हा तिने टेप पायरीच्या कडेला लावली की मधोमध, याची त्यांना खात्री नव्हती.

हुपरीकरांना ओळखणाऱ्यांना यात नवल वाटलं नाही. माणसाने सगळी नोकरी ब्रेकमध्ये काढली. डेट्रॉइटच्या गाड्या पळवायचं काम बाकीच्यांचं, थांबवायचं यांचं. नवी वस्तू पाहिली की लोकांना ती काय काय करील ते दिसतं, यांना ती कशी मोडेल ते दिसतं. त्यांच्याकडे बार्बेक्यूला गेलेल्या माणसाला आधी आग विझवायचं नळकांडं कुठे आहे ते दाखवतात, मग कणीस मिळतं. हॉटेल शोधताना पाच तारे देणाऱ्यांचं ते वाचतच नाहीत. खूश माणसाकडून काय कळणार, म्हणतात. एक तारा देणाऱ्याचा मात्र शब्दन् शब्द वाचतात, आणि त्याच्याबद्दल त्यांच्या मनात एक प्रकारची आपुलकी तयार होते.

पण या वेळची धास्ती सवयीची नव्हती. मागच्या फेब्रुवारीत त्यांची बायको, मंजुषाकाकू, टपालपेटीपर्यंत गेल्या आणि न दिसणाऱ्या पातळ बर्फावरून घसरल्या. खुबा मोडला. ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन म्हणाला, सगळं छान आहे, फक्त पुन्हा पडू नका. तो हे सगळ्यांनाच म्हणत असणार. गुरुदत्तांनी मात्र ते वाक्य घरी आणलं आणि तेव्हापासून ते त्या वाक्यासोबतच राहत होते. बाथरूममध्ये शाम्पूची बाटली पडली तरी इकडे हातातला चहा हिंदकळायचा. काकूंचा पलंग खाली फॅमिली रूममध्ये आला. फिजिओथेरपीच्या मुलीने उन्हाळ्यातच जिना चढायला हरकत नाही असं सांगितलं होतं. तिची हरकत नव्हती, गुरुदत्तांची होती. जिन्याच्या खालच्या तोंडाशी त्यांनी एक खुर्ची आडवी आणून ठेवली आणि ती जणू काही लग्नापासून तिथेच आहे अशा चेहऱ्याने वावरू लागले.

आता अशा माणसाच्या बायकोने काय मागावं? काकूंनी निशिजिन मागितलं. पलीकडे नोव्हाय गावात जपानी कंपन्यांची बरीच कुटुंबं राहतात. त्यांच्यातल्या एका बाईंकडे काकू कितीतरी वर्षं फुलांची रचना शिकल्या. बाई निशिजिनच्या, विणकरांच्या घरातल्या. शिकवताना मधेच आपल्या गल्लीचं बोलायच्या : घरं पुढून अरुंद आणि मागे लांबच लांब, आत एवढंसं अंगण, आणि शेजारून मागाची खटखट. बाई परत गेल्या, गल्ली काकूंकडे राहिली. पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी सांगून टाकलं की मी बरी झाले की एप्रिलमध्ये तिकडे जायचं, सगळ्यांनी जायचं, आणि एकाच घरात राहायचं. सगळे म्हणजे हे दोघं, रेडमंडला असलेली मुलगी सावनी, जावई कबीर आणि चार वर्षांची नात अनन्या. हॉटेलात पाच जणांची तोंडं पाच दिशांना होतात, असं काकूंचं मत.

झालं. गुरुदत्त वरच्या मजल्यावरच्या अभ्यासिकेत गेले आणि महिनाभर जवळजवळ तिथेच राहिले. एक घर आवडलं तर झोपायचं जमिनीवर, म्हणजे काकूंना उठवणार कोण. दुसऱ्या घराची दारं कागदाची, आणि अनन्याला कागद दिसला की तिचं बोट आपोआप आरपार जातं. तिसऱ्या घराला एक तारा देणाऱ्या माणसाने लिहिलं होतं की मुलं जरा हसली तर शेजारचे आजोबा दारात येऊन वाकून वाकून गप्प राहण्याची विनंती करतात. अनन्या हळू बोलते ती फक्त झोपेत. सावनीला वॉशिंग मशीन हवं होतं. कबीर इथेच जन्मलेला, शांत मुलगा. त्याचं एकच म्हणणं, “बाबा, इट्स जस्ट अ हाऊस.” हे वाक्य ऐकलं की गुरुदत्तांना कळायचं की या मुलाने आयुष्यात कधी ब्रेक तपासलेले नाहीत.

शेवटी हारुकोचं घर सापडलं. पलंग होते, वॉशिंग मशीन होतं, कागदाची दारं फक्त एका खोलीला. खोट एकच : झोपायच्या दोन्ही खोल्या वर, आणि जिना असा की शिडीने जिना व्हायचं ठरवलं आणि अर्ध्यावर विचार बदलला. पायरीची उंची हारुकोने कळवली तेव्हा ती ट्रॉयच्या पायरीपेक्षा चांगली चार बोटं जास्त निघाली. मग गुरुदत्तांनी गॅरेजमध्ये प्लायवूडच्या त्या मापाच्या पायऱ्या ठोकल्या. भर थंडीत गॅरेजचं दार उघडं, आत लोकरीची टोपी घातलेला एक म्हातारा दोन पायऱ्या चढतोय, उतरतोय, पुन्हा चढतोय. कुत्री फिरवणारी माणसं रस्ता बदलू लागली. तिसऱ्या फेरीला त्यांचा स्वतःचाच गुडघा वाजला, आणि तिथे उभं राहून त्यांनी डोळे मिटले तेव्हा त्यांना वरून घरंगळत येणाऱ्या मंजुषाकाकू स्पष्ट दिसल्या.

तरीही त्यांनी ते घर घेतलं. एप्रिलमध्ये फुलं फुलतात, घरं भराभर जातात, आणि काकू रोज जेवताना विचारत होत्या. पण घेताना त्यांनी जी चूक केली ती आपल्याच माणसांनी करावी. माणसं किती, या प्रश्नाला त्यांनी चार असं उत्तर दिलं. सावनी, कबीर, आपण दोघं. अनन्या? पोरांना कोण मोजतं. ट्रॉयमध्ये मराठी मंडळाच्या अधिवेशनाला पाहुणे येतात तेव्हा एकेका बेसमेंटमध्ये दहा-बारा पोरं कार्पेटवर आडवीतिडवी पसरलेली असतात, आणि किती जण उतरलेत असं विचारलं तर यजमान सांगतो, दोन फॅमिली. पोर आजीच्या कुशीत झोपतं, आजोबांच्या ताटात जेवतं, त्याला वेगळी जागा कशाला लागते? ज्या माणसाने त्या घराच्या पायऱ्या, खिडक्या आणि धूर झाल्यावर वाजणारे भोंगेसुद्धा मोजले, तो नात मोजायला विसरला.

पासपोर्टची माहिती पाठवताना पाचवं नाव निघालं. हारुकोचं उत्तर इतकं नम्र होतं की नकार शोधायला गुरुदत्तांना ते दोनदा वाचावं लागलं. त्या घराला चारच माणसांची परवानगी, आणि चार वर्षांचं माणूसही माणूसच. ती फार, फार दिलगीर होती.

पहिल्या क्षणी गुरुदत्तांना चक्क बरं वाटलं. जिना गेला. दुसऱ्या क्षणी त्यांना आठवलं की काकूंनी फुलांच्या बाईंना फोन करून गल्लीचं नाव, घराचा रंग, सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी काकूंना काहीच सांगितलं नाही. जेवताना मान खाली घालून ते आमटी भुरकायचे, आणि काकूंनी निशिजिन म्हटलं की मीठ मागायचे. त्या आठवड्यात त्यांच्या पोटात इतकं मीठ गेलं की डॉक्टरने पाहिलं असतं तर त्यालाच चक्कर आली असती.

दरम्यान दोन वाटा उरल्या होत्या. एक, स्टेशनजवळचं मोठं हॉटेल, जे गुरुदत्तांनी हाताशी असावं म्हणून बुक करून ठेवलं होतं. लिफ्ट, बाथरूममध्ये धरायला दांडे, गुळगुळीत सपाट फरशी. खोल्या मात्र दोन वेगळ्या मजल्यांवर, आणि खिडकीतून दिसणार बसचा डेपो. दुसरी वाट हारुकोनेच काढली होती. त्याच गल्लीत तिच्या मावशीचं घर, सहा माणसांचं, एक झोपायची खोली खालीच, पलंगासकट. पण त्या खोलीतून न्हाणीघरात जायचं तर मधलं उघडं अंगण, अंगणात दगडांची पायवाट, आणि एप्रिलमध्ये पाऊस. ओले दगड म्हणजे काय ते गुरुदत्तांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. हारुको उत्तरासाठी सोमवारपर्यंत थांबणार होती.

रविवारी दुपारी बाहेर बर्फ भुरभुरत होता. काकू खाली पलंगावर लवंडल्या आहेत असं पाहून गुरुदत्त वर गेले, दार लोटलं आणि सावनीला व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं म्हणणं असं की हॉटेलच ठेवावं आणि आईला तिकडे पोचल्यावर सांगावं. विमानातून उतरल्यावर माणूस दमलेला असतो, फार भांडत नाही. सावनी म्हणाली की बाबा, तुम्ही उगाच टेन्शन घेता, आई आता मस्त चालते, आणि तिला न सांगता हे करणं बरोबर नाही. तिचं वाक्य पुरं झालं नाही. ती स्क्रीनमध्ये गुरुदत्तांच्या खांद्यामागे कुठेतरी पाहू लागली आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

“आई,” ती म्हणाली, “तू वर कशी आलीस?”

“पायांनी,” काकू दारातून म्हणाल्या.

एका हातात काठी, दुसरा हात चौकटीवर, श्वास लागलेला. वर्षभरात पहिल्यांदाच त्या या मजल्यावर आल्या होत्या. गुरुदत्तांनी घाईघाईने शेजारची खुर्ची ओढून दिली. काकू सावकाश येऊन तिच्यावर बसल्या, चष्मा लावला आणि स्क्रीनवर सावनीच्या शेजारी उघड्या असलेल्या हॉटेलच्या फोटोतला बसचा डेपो नीट निरखून पाहिला.

“हे निशिजिन?”

मग सगळं बाहेर आलं. चारचा आकडा, राहिलेली अनन्या, हारुकोची दिलगिरी, मावशीचं घर, ओले दगड. गुरुदत्तांनी दगडांचा फोटो मोठा करून दाखवला, त्यांवरचं शेवाळंही दाखवलं. आपल्याला ती बर्फातली दुपार अजून दिसते, तू टपालाचे कागद हातात घट्ट धरून आडवी पडली होतीस आणि मला म्हणत होतीस की ते आधी आत ठेवा, हेही त्यांनी सांगितलं. इतके दिवस हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. बोलताना ते स्क्रीनकडेच पाहत होते.

काकूंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“अहो,” त्या म्हणाल्या, “मी पडेन म्हणून तुम्ही मला खाली ठेवलंत. ते मी ऐकलं, कारण तुमचा चेहरा बघवत नव्हता. पण तुम्ही वर बसून माझ्यासाठी ठरवणार आणि मी खाली मीठ वाढत बसणार, हे नाही चालायचं. दगड ओले असतील तर छत्री आणि तुमचा हात, दोन्ही नेऊ. त्या बाईला हो म्हणा.”

गुरुदत्तांनी हारुकोला हो लिहिलं. माणसांच्या पुढे पाच लिहिलं, ते काकूंना वाचून दाखवलं आणि मग पाठवलं. पाठवल्यावर काही सुटल्यासारखं वाटलं म्हणावं तर तेही नाही. हॉटेलचं बुकिंग कॅन्सल करायला मात्र काकूंनी त्यांना तिथेच बसवून ठेवलं.

मग काकू काठी घेऊन उठल्या. चहाची वेळ झाली होती, आणि चहा खाली होता.

आता घाबरायची पाळी सावनीची आली. आत्तापर्यंत बाबांना शांत व्हायला सांगणारी पोरगी स्क्रीनमधून हात नाचवू लागली. आईला खाली नेऊ नका, चढणं वेगळं आणि उतरणं वेगळं, शेजारच्या कुणाला तरी बोलवा, सुलेखामावशीला फोन करा, आई पडली तर काय कराल?

गुरुदत्त काकूंच्या पुढे होऊन जिन्याच्या तोंडाशी पोचले होते. एक पायरी उतरले, कठडा धरला, आणि वळून अभ्यासिकेकडे तोंड करून म्हणाले,

“पडली तर माझ्यावर पडेल. उतरताना मी पुढे असतो.”