व्हिएन्नाच्या विमानतळावरची मराठी पाटी

पाहुण्यानं आपल्याला शोधायचं नसतं, आपण पाहुण्याला शोधायचं असतं. हे वाक्य मी त्या वर्षी किती वेळा बोलले असेन, देव जाणे. दोह्यात, मुशैरिबमधल्या एका हॉटेलात मी पाहुण्यांच्या गाड्यांचं काम बघत होते. फुटबॉलच्या वर्ल्ड कपला सात महिने उरले होते. रोज एखादा रस्ता बंद व्हायचा, रोज एखादा साहेब ‘यल्ला, यल्ला’, म्हणजे ‘चला, चला’ करत आमच्या मागं लागायचा, आणि विमानतळावर नावाची पाटी कशी धरायची हे नव्या भरतीला शिकवणं माझ्या गळ्यात पडलं होतं. पाटी छातीशी धरा, पोटाशी नको. दारातून बाहेर आलेल्या माणसाला पहिल्या नजरेत स्वतःचं नाव दिसलं पाहिजे. दुसऱ्यांदा शोधायची वेळ आली, की समजा तो घाबरला.

एवढी शहाणी मी. आणि माझ्याच वडिलांच्या बाबतीत केवढा घोळ घालून ठेवला!

बाबा नाशिकला एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. सगळं आयुष्य त्यांनी खिडकीत बसून गाड्या आत घेतल्या आणि बाहेर सोडल्या. ते म्हणायचे, “गाडीतून उतरलेला माणूस आधी सामान बघत नाही, कुणी घ्यायला आलंय का ते बघतो. आणि कुणी दिसलं की मग त्याचा चेहरा बघावा!” आमच्याकडे कुणीही यायचं असलं की बाबा अर्धा तास आधी स्टँडवर हजर. ड्यूटी नसली तरी, ताप असला तरी. पाहुण्याला पत्ता सांगून ‘रिक्षा करून या’ म्हणणारी माणसं त्यांच्या लेखी माणसांत जमा नव्हती.

आम्ही दोघी बहिणी. बाबा आम्हाला थोरली आणि धाकटी म्हणत. थोरली मी, लग्न करून दोह्याला आले. नवरा मेसईदला खताच्या कारखान्यात, सकाळी कंपनीच्या बसनं जायचा तो संध्याकाळी पार पिळून निघून परत. धाकटी व्हिएन्नाला, नवऱ्याच्या नोकरीपायी. तिला एक मुलगी, माझा एक मुलगा.

आई गेली ती पहिल्या लॉकडाऊनमध्ये. मी मावसबहिणीच्या लग्नाला म्हणून नाशिकला गेले होते आणि तिथंच अडकले, म्हणून मी तरी होते. धाकटी येऊ शकली नाही. विमानंच बंद, येणार कशी? तिनं फोनवरूनच आईला शेवटचं पाहिलं आणि हंबरडा फोडला. बाबांनी माझ्या हातातला फोन घेतला आणि टेबलावर पालथा ठेवला. “ती आली नाही,” एवढंच म्हणाले. विमानं बंद आहेत हे त्यांना कळत होतं हो, पण वळत नव्हतं. त्यानंतर धाकटीचा फोन आला की ‘मी बरा आहे, ठेवतो.’ दोन वर्षं हेच.

मग मी मनावर घेतलं. रोज फोन करून बाबांचं डोकं खाल्लं. नात चार वर्षांची झाली, अजून मांडीवर घेतली नाहीत, असा कसा आजोबा, वगैरे वगैरे. शेवटी एके दिवशी म्हणाले, “बरं, काढ तिकीट.” मुंबईला जाऊन व्हिसा झाला आणि एप्रिलमध्ये बाबा आधी माझ्याकडे आले. तीन आठवडे आमच्याकडे आणि मग महिनाभर व्हिएन्नाला, असं ठरलं.

त्या तीन आठवड्यांत बाबांनी एकच बॅग किती वेळा भरली असेल! गोडा मसाला, कुरडया, नातीला चांदीचे पैंजण, आणि आईची जांभळी नारायणपेठ. ती साडी धाकटीला द्यायची असं आई शेवटपर्यंत म्हणत होती. बाबा ती सगळ्यात वर ठेवायचे, मग वर चुरगळेल म्हणून मध्ये, मग मध्ये मसाल्याचा वास लागेल म्हणून परत वर. माझा मुलगा इंग्रजीत म्हणायचा, आजोबा, पुन्हा पॅकिंग? आणि बाबा मराठीत उत्तर द्यायचे, “अरे, लेकीकडं जायचंय.” दिवसाआड मला एक प्रश्न ठरलेला.

“ती येईल ना गं घ्यायला?”

“बाबा, मी गाडी सांगितलीय. माणूस तुमच्या नावाची पाटी घेऊन उभा असेल. बॅगसुद्धा तोच उचलेल. थेट तिच्या दारात सोडेल.”

“ते झालं गं. पण ती येईल ना?”

माझे कान काय तेव्हा गहाण पडले होते? मला वाटलं, म्हातारं माणूस आहे, परक्या गावात चुकायची भीती वाटतेय. मी म्हणायचे, “अहो, काही काळजी करू नका, माझं कामच आहे ते.”

आणि खरंच, ते बुकिंग मी काय थाटात केलं! ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून व्हिएन्नाच्या चार गाडीवाल्या कंपन्या पालथ्या घातल्या. फ्लाइट नंबर टाकला, सामान टाकलं, विमानाला उशीर झाला तर ड्रायव्हर थांबेल ना हे लेखी घेतलं. सूचनांच्या रकान्यात लिहिलं, वयस्कर गृहस्थ आहेत, इंग्रजी बेताचं आहे, हळू बोला, बॅग त्यांना उचलू देऊ नका, भेटल्यावर मला फोन जोडून द्या. एवढ्यावर थांबले असते तर कसली मी! बाबांचं पूर्ण नाव मोठ्या अक्षरांत मराठीत टाइप केलं आणि त्यांना पाठवून दिलं, की पाटीवर हेच छापा. म्हटलं, परक्या मुलखात आपलं नाव आपल्या लिपीत दिसलं की म्हातारा खूश होईल. शेजारच्या टेबलावरच्या केरळी मैत्रिणीलासुद्धा दाखवलं. ती म्हणाली, तुझे वडील नशीबवान आहेत.

जायच्या दोन दिवस आधी धाकटीचा फोन आला. मी कामात होते, समोर तीन गाड्यांचा गोंधळ चालला होता.

“ताई, गाडी कशाला गं? मी येतेय ना घ्यायला. एअरपोर्टवरून ट्रेन आहे. पिल्लूनं आजोबांसाठी चित्र काढून ठेवलंय.”

“अगं, ट्रेननं कुठं नेतेस त्यांना एवढं सामान घेऊन? तू घरी गरम स्वयंपाक करून ठेव.”

“मग मी गाडीतून येते त्यांच्याबरोबर. पण मी येणार.”

ती हट्टच धरून बसली आणि माझं टाळकं सरकलं. मी म्हटलं, “बाबांनाच नको आहे. तिथं चारचौघांत रडारड नको म्हणाले. तू येऊ नकोस.”

असं काही बाबा म्हणाले नव्हते. हे मी जागच्या जागी रचलं. तेव्हा स्वतःला सांगितलं, की पहिली भेट घरातच झालेली बरी, विमानतळावर तमाशा कशाला. पण आता लपवून काय उपयोग? आईचं सगळं मी एकटीनं काढलं होतं. तिरडीपासून तेराव्यापर्यंत. बाबांना दोन वर्षं मी सावरलं होतं, व्हिसासाठी मी खेटे घालायला लावले होते. आणि आता ही आयती जाऊन उभी राहणार, बाबा तिला मिठी मारणार, खलास, सगळं माफ! ते मला सोसवत नव्हतं. एवढी हलकी आहे मी, कबूल करते.

धाकटी म्हणाली, “बरं. त्यांना नको असेल तर नको.”

बाबा व्हिएन्नाला गेले त्या दिवशी दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना, व्हिएन्नाच्या ड्रायव्हरचा फोन आला. त्यानं सांगितल्याप्रमाणे बाबांना जोडून दिलं.

“थोरले, पोचलो गं. माणूस आलाय.” बाबा म्हणाले. “पाटी मराठीत आहे. ती बघितली आणि मला वाटलं, तीच आली. म्हटलं इथं मराठी दुसरं कोण लिहिणार? मागं कुठं तरी उभी असेल, पोरीला घेऊन, म्हणून बघत राहिलो. हा बिचारा बॅग मागतोय, मी देतच नव्हतो.” मग म्हणाले, “ती आली नाही.”

मीच नको म्हटलं तिला. एवढंच बोलायचं होतं. बाबा, तिचा दोष नाही, मीच नको म्हटलं. पण साहेब समोर बसलेला, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि मी म्हटलं, “पोर लहान आहे ना बाबा, नसेल जमलं तिला.”

“हो,” बाबा म्हणाले. “असतात कामं.”

संध्याकाळी पुन्हा फोन आला. व्यवस्थित पोचलो, जावई घरात होते, धाकटी दूध आणायला गेली होती, नंतर आली. मला जरा नवल वाटलं. बाप दोन वर्षांनी येतोय आणि ही दुधाला जाते? मनात म्हटलं, बघा, आहेच ही अशी.

महिनाभरासाठी गेलेले बाबा दहा दिवसांत परत आले. त्यांना घ्यायला मी स्वतः गेले. समुद्रकाठच्या कॉर्निश रस्त्यावरून घरी येताना सगळीकडे झेंडे लागलेले, वर्ल्ड कपचं उलटं मोजणारं घड्याळ उभं. बाबा खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, “घर चांगलं आहे तिचं. नात गोड आहे. मराठी कळतं तिला सगळं.”

“मग एवढ्या लवकर का आलात?”

“पाहुण्यानं किती दिवस राहावं?”

आपल्या पोटच्या पोरीकडं बाबा पाहुणे म्हणून राहून आले होते. ‘साडी दिलीत का’ विचारलं, तर म्हणाले, “दिली. तिनं कपाटात ठेवली.” करायला गेले गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते हेच. तेव्हाच गाडी बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. पण मी म्हटलं, आज दमलेत, उद्या सांगू. उद्याला मुलाची परीक्षा निघाली. परवा ते नाशिकला गेले. फोनवर कसं सांगायचं, दिवाळीला जाऊ तेव्हा समोर बसून सांगू, इन्शाल्ला. आमच्या ऑफिसात न होणाऱ्या सगळ्या कामांना इन्शाल्ला म्हणायची पद्धत आहे.

दिवाळी आलीच नाही. ऑक्टोबरात एका सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. बाबा चहा घेऊन ओट्यावर बसले होते, ते बसल्या जागीच गेले.

या वेळी विमानं चालू होती. धाकटी व्हिएन्नाहून दोह्याला येणार आणि इथून मुंबईच्या विमानात आम्ही दोघी एकत्र बसणार. मी लवकर आत जाऊन तिच्या वाटेवर उभी राहिले. विमानतळ तर नवरीसारखा सजवलेला, जिकडे तिकडे जगाचं स्वागत. धाकटी सरकत्या पट्ट्यावरून येताना दिसली. तिनंही मला लांबूनच पाहिलं, आणि तिचा चेहरा, बाबा म्हणायचे ना, तसा झाला. आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मग गेटपाशी खुर्च्यांवर बसलो. तिच्या मांडीवर पिशवी होती. त्यातून जांभळी नारायणपेठ डोकावत होती.

“ताई, एक विचारू?” ती म्हणाली. “बाबांना मी एअरपोर्टवर का नको होते गं?”

उत्तराची वाट न बघता ती बोलत राहिली.

“मी आले होते त्या दिवशी. राहवलंच नाही. पिल्लूला घरी ठेवलं आणि एकटी आले. म्हटलं, समोर नको तर नको, लांबून बघते तरी. खांबामागं उभी राहिले. बाबा बाहेर आले. किती वाळले होते गं! मराठी पाटी बघून हसले. आणि मग सारखं इकडं बघ, तिकडं बघ, टाचा उंचावून बघ. ड्रायव्हरला बॅग देईनात. मला वाटलं, मी आलेय की काय याचीच धास्ती घेतलीय त्यांनी. म्हणून आणखी मागं सरकले. गाडी गेल्यावर ट्रेननं आले, तोवर ते घरी पोचले होते. दुधाला गेले होते म्हणून सांगितलं.”

मुंबईच्या विमानाची घोषणा झाली. लोक उठून रांगेत लागले. आम्ही बसूनच होतो. मी तिचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. बाबा तसं काही म्हणाले नव्हते, मी खोटं बोलले. ते तर तीन आठवडे मला एकच विचारत होते, ती येईल ना गं, ती येईल ना.

मला वाटलं ती हात झिडकारेल, चारचौघांत माझ्या कानाखाली वाजवेल. वाजवली असती तर बरं झालं असतं. तिनं साडीचा काठ पिशवीत नीट आत सारला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

“म्हणजे ते मला शोधत होते.”